तीस फूट कागद आणि एकच आकडा

मशीन थांबेना. प्रिंटरमधून कागद येतच होता आणि प्रत्येक ओळीवर तोच आकडा. शेवटी साहेबांनी बटण बंद करायला लावलं.

"मिस परब, तीस फूट कागद आणि उत्तर एकच?"

ही साठच्या दशकातली गोष्ट. आमच्या मुंबईच्या ऑफिसात कॉम्प्युटर नवा होता, खोलीभर होता, आणि माझ्या वाट्याला फक्त सोमवारी यायचा. एका पुलाच्या तुळईवर पन्नास ठिकाणी किती ताण येतो, ते मला काढायचं होतं. रीत एकच, जागा पन्नास. ती पन्नासदा कशाला लिहायची? एकदाच लिहायची आणि खाली सांगायचं: मोजणीच्या काउंटरमध्ये एक मिळव, पन्नास झाले नसतील तर परत वर जा. याला लूप म्हणतात. माझा लूप पन्नासपर्यंत पोचतच नव्हता.

"पुढच्या सोमवारी जमलं नाही, तर तुम्ही परत हाताने आकडेमोड करायला बसा," साहेब म्हणाले. प्रोग्रॅमिंगला मी एकटीच मुलगी होते. रडू आलं, पण तिथे रडले नाही.

रजा आधीच मंजूर होती. कागद पिशवीत घालून मालवणजवळच्या आमच्या गावी गेले. मला आत्येनं वाढवलेलं. तिला मशीन कळलं नाही, पण माझं काम जातंय हे बरोबर कळलं.

"सातेरीक एकवीस फेरे घालतंय तुझ्यासाठी," ती म्हणाली.

सकाळी ती सातेरीदेवीच्या देवळाभोवती फिरू लागली. मी पायरीवर कागद घेऊन बसले. दर फेरीला ती झाडाखालचं बकुळीचं एक फूल उचलून पायरीवर ठेवायची. देवाच्या दारातलं फूल माझ्या पायाशी! मी ते उचलून शेजारच्या पूजेच्या तबकात टाकायचे आणि डोकं परत कागदात.

ऊन चढलं. आत्ये गुडघे धरून धापा टाकत थांबली.

"आज एकवीस काय सरनत नाय गो. फुलां खंय गेली?"

"तबकात. पाय लागतलो म्हणान उचललंय."

"अगो बाय माझे! एक फेरो, एक फूल. माझ्या तोंडात देवीचा नाव, मोजणी पायरीर. तू पायरी रिकामी करतंस आणि मी आपली परत पयल्यापासून मोजतंय!"

तबकात चौतीस फुलं निघाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिचे पाय चेपत बसले आणि एकदम कागद ओढला.

वरची ओळ होती, काउंटर शून्य कर. खालचं 'परत वर जा' नेमकं त्याच ओळीवर जात होतं. म्हणजे दर फेरीला मीच मोजणी पुसत होते, आणि मशीन बिचारं पहिल्याच जागेचा ताण काढत बसलं होतं. एक ओळ खाली पाठवायचं होतं, बस. ओळीचा आकडा खोडून दुसरा लिहिला.

सोमवारी पन्नास जागांची पन्नास उत्तरं आली आणि मशीन आपणहून थांबलं.

"चूक कोणी काढली?" साहेबांनी विचारलं.

"आत्येनं."

"त्या कुठे असतात कामाला?"

"घरी."

काम माझ्याकडेच राहिलं. मी पुढे कित्येक मुलांना शिकवलं, आणि परत वर जायला सांगताना नेमकं कुठे, ते बोट ठेवून बघायला लावलं. काम टिकल्याचं आत्येला लगेच कळवलं होतं. तिनं शेजाऱ्याकडून कार्ड लिहून पाठवलं: "बरा झाला. पुढच्या खेपेक फेरे तू घाल. पायरीर मी बसतंय."