वंदनाताईची राखून ठेवलेली खुर्ची

वंदनाताई गेल्याचा फोन सकाळी आला आणि तिला बरं वाटत असल्याचा मेसेज दुपारी. फोन तिच्या भावाचा होता, मेसेज तिच्या नवऱ्याचा, भाऊजींचा. "ताईले आज बरं वाटून राहिलं..." एवढीच ओळ पडद्यावर दिसली. मी नागपूरहून ताईच्या गावाकडे सुटलेल्या एसटीत होते. पुढचं उघडून वाचायचा धीर झाला नाही. आदल्या दिवशी मीच भाऊजींना निरोप पाठवला होता, ताईला सांगा, खुर्ची राहिली. तो तिच्या कानावर पडला की नाही, या एकाच विचाराने जीव थाऱ्यावर नव्हता.

मी सालेकसाकडची. वडील जंगलकामाला जायचे, घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. नागपूरच्या ऑफिसात सगळे भराभर इंग्रजी बोलायचे आणि मी मान खाली घालून बसायचे. ताई आमच्याच भागातली, अर्जुनीकडच्या प्रतापगडच्या पायथ्याच्या गावातली. पहिल्याच दिवशी समोर येऊन उभी राहिली. "कोणच्या गावची वो तू? मंग घाबरून काऊन राहिली? इथं काही वाघ नाही." मी म्हटलं, "वाघ असता तर घाबरले नसते." ती खळखळून हसली आणि डबा माझ्या टेबलावर घेऊन आली. पुढे जे काही शिकले ते त्या डब्यापाशी.

आमचं काम गावोगावच्या दवाखान्यांतल्या रक्ततपासण्यांचं होतं. एका बाजूने यंत्राचे निकाल अखंड येत, दुसऱ्या बाजूने नोंदणीच्या खिडकीवरची नावं, आणि नळीच्या नंबरावरून दोन्ही जोडायची. पण नळ्यांचे नंबर रोज एकपासून सुरू होत. खिडकीचं नेट गेलं की निकाल आधी पोचे, नाव मागे राही, आणि त्या नंबराला कालच्याच कुणाचं तरी नाव चिकटे. याला आमच्या धंद्यात रेस कंडिशन म्हणतात. कोण आधी पोचतं, त्यावर उत्तर बदलतं. "कधी पोचलं ते पाहू नोको," ताई सांगायची, "कधी घडलं ते पाह्य." तिने नंबरासोबत नमुना घेतल्याचा दिवस जोडला आणि नाव येईपर्यंत निकाल थांबवून ठेवायची एक जागा केली. त्या जागेचं नाव तिने 'खुर्ची' ठेवलं.

नावामागे तिचं लग्न होतं. दोन हजार सालाच्या आसपास तिचं लग्न सामूहिक सोहळ्यात लागलं. मांडवात नंबर टाकलेल्या खुर्च्या, प्रत्येक नवरीशेजारी नवरदेवाची. भाऊजींची जीप सडक अर्जुनीजवळ बंद पडली. माइकवरून हुकूम आला, "मागचे नवरदेव एकेक खुर्ची पुढे सरका, फोटोत रिकामं दिसून राहिलं!" ताईने शेजारच्या खुर्चीवर आपली पिशवी ठेवली. पुढे सरकलेला नवरदेव काकुळतीला आला, "बाई, मी नुसता बसतो." ताई म्हणाली, "आज बसशीन, आन् नंबर पुकारला की हारही घालशीन!" अख्खा मांडव हसला. पण पिशवी हलली नाही. शेवटी भाऊजी आले, हाताला ग्रीस लागलेलं... मी विचारलं होतं, "आणि आलेच नसते तर?" ती म्हणाली, "त माइकवर नाव पुकारायचं, माणसाले विचारायचं. अंदाजानं लग्न लावायचं नाही." आमच्या खुर्चीतही फार वेळ थांबलेल्या निकालासाठी दवाखान्यात फोन जायचा, तो यामुळेच.

आजारपणात ती गावी गेली आणि इकडे रिपोर्ट उशिरा येतात म्हणून ओरड सुरू झाली. साहेब म्हणाले, "नंबर जुळतो ना, लावून टाका. थांबणं बंद करा." फोनवर ताईचा आवाज खोल गेला होता. "माझी खुर्ची काढतीन का वो?" मी "नाही" म्हणाले खरी, पण माझ्या हातात काय होतं? मग आदल्या दिवसाची जपून ठेवलेली माहिती मी खुर्चीशिवाय चालवून साहेबांना दाखवली. एका लहान मुलीचा सिकलसेलचा रिपोर्ट एका म्हाताऱ्या बाबांच्या नावावर जाऊन बसला. साहेबांनी दोन्ही नावं स्वतः पडद्यावर ताडून पाहिली. "राहू द्या खुर्ची," म्हणाले. तोच निरोप मी पाठवला होता.

मातीहून परतल्यावर भाऊजी अंगणात माझ्याजवळ येऊन बसले. "मेसेज पोचला काय वो? काल लिवला होता. घरात नेटवर्क येते-जाते, हा तसाच पडून राहिला. आज सडकेवर गेलो तवा निंगाला." मी त्यांच्यासमोरच फोन उघडला.

"ताईले आज बरं वाटून राहिलं. भात खाल्ला. तुझा निरोप वाचून दाखवला, लय हसली. म्हणते, पिशवी उचलू नोको म्हणा."

मी रडले, पण छातीवरचं ओझं उतरलं होतं. मेसेज उशिरा आला होता, तिला मात्र सगळं वेळेवर कळलं होतं.

आता रोज सकाळी ऑफिसात पडदा उघडते. खुर्चीत एखादा निकाल थांबलेला असतो, शेजारची नावाची जागा रिकामी. तिथे मला ताईची पिशवी दिसते... मग सालेकसाकडून, नाहीतर अर्जुनीकडून, उशिराने का होईना, नाव येतं. तेच नाव, त्याच माणसाचं.