गोल नसलेल्या पट्ट्या

वेल्डिंगच्या वर्गात सर बोलायचे कमी, खडू चालवायचे जास्त. जोडलेली लोखंडी पट्टी हातात आली की हातोडीने वरची काळी खपली झाडायची, खिडकीकडे धरून बघायचं आणि जिथे चूक तिथे पांढरा गोल काढायचा. जोड बरा असेल तर पट्टी तशीच परत. तेवीस वर्षं हाच शिरस्ता. कौतुकाने हात ढिला पडतो, असं त्यांच्या उस्तादांनी त्यांना सांगितलं होतं.

वर्गात सगळ्यांत मोठी विद्यार्थिनी पस्तिशीची. आधी शिलाई मशीनवर बसायची, म्हणून पोरं तिला शिलाईताई म्हणत. लोखंडी जाळ्यांच्या कारखान्यात तिचं काम ठरत आलं होतं, पण परीक्षा पास झाली तरच.

"ताई, आज किती गोल?"

"मोजू नकोस रे बाबा. बांगड्यांचं दुकान लागलंय नुसतं."

वरवर हसायची. पण परीक्षेला चार दिवस उरले असताना तिने नाव काढून घेण्याचा अर्ज सरांच्या टेबलावर ठेवला. "नाही जमायचं मला, सर. आपली मशीनच बरी."

सरांनी अडवलं नाही. संध्याकाळी भंगाराचा डबा रिकामा करताना त्यांना सहा पट्ट्या सापडल्या. सगळ्यांवर तिचा हजेरीचा सतरा नंबर, आणि एकीवरही गोल नाही.

सकाळी ती हातमोजे परत द्यायला आली, तेव्हा पट्ट्या टेबलावर मांडलेल्या होत्या.

"या भंगारात का टाकल्यात?"

"तुम्ही खूणच केली नव्हती. म्हटलं, आता बघण्याच्याही लायकीचं राहिलं नाही आपलं काम."

"अहो, खूण नाही म्हणजे चांगलं!"

"मग ते आम्हाला सांगायचं कुणी?"

सरांनी खडू उचलला आणि एका जोडाखाली सरळ रेघ मारली.

"इथून इथपर्यंत एकसारखं आलंय. कसं केलंत?"

तिने पट्टी फिरवून फिरवून पाहिली. "कोपर टेकवलं होतं. शिवताना टेकवते तसं."

सरांनी तिचीच गोल काढलेली एक पट्टी शेजारी ठेवली. "आणि इथे?"

"इथे... कोपर उचललं गेलं असणार."

"मग झालं तर! हात तयार आहे तुमचा. कोपर तेवढं सांभाळा."

तिने अर्ज उचलून घडी घातली, खिशात टाकला आणि हातमोजे पुन्हा चढवले.

परीक्षेत पट्टी यंत्रात घालून वाकवतात; जोड तडकला की नापास. तिची वाकली, पण जोड तडकला नाही. ती वाकलेली पट्टी घेऊन ती थेट सरांपुढे उभी राहिली.

"मारा रेघ."

सरांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ मारली. मग शेवटी एक बारीकसा गोल काढला.

"आता हा कशाला?"

"इथे जरा घाई केलीत," सर म्हणाले.

तिने तिथे अंगठा फिरवून पाहिला. "हो की. शेवट जवळ आला, आणि कोपर सुटलं."