बाळगुटीच्या बाटलीवरचं मूल

शहापूरच्या बाजारात एका दुकानाच्या भिंतीवर मी स्वतःला पाहिलं, तेव्हा आधी वाटलं की मला ऊन लागलंय. हातभर लांब रंगीत चित्र होतं. नऊवारीतली एक बाई ओटीवर बसलेली, तिच्या मांडीवर गुटगुटीत मूल, आणि खाली बाळगुटीची बाटली. बाईच्या नाकात मोत्यांची नथ होती, तशी नथ आमच्या सात पिढ्यांत कुणी पाहिलेली नाही. रंगही तिचा गोरापान. पण मुलाच्या पोटावर ठेवलेल्या तिच्या डाव्या हाताची करंगळी वाकडी होती. भात कापताना विळा लागला तेव्हापासून माझी करंगळी तशीच आहे. चित्रकाराने मला डोक्यापासून पायापर्यंत बदललं आणि नेमकी माझी खोट तेवढी राखून ठेवली.

मग मी मुलाकडे बघितलं. ते माझं असायला हवं होतं, पण नव्हतं. गाल फुगवलेले, मनगटात सोन्याची कडी, डोळे टपोरे आणि दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकावर रोखलेले. माझा मुलगा तापाने जाऊन तेव्हा तिसरं वर्ष लागलं होतं. तो काही असा गुटगुटीत नव्हता. मग कसा होता, असं मी स्वतःला विचारलं आणि मला सांगता येईना.

ही माझी त्या दिवसांतली खरी अडचण होती, आणि ती मी कुणाला बोलले नव्हते. त्याचं रडणं मला आठवायचं, टाळूवरच्या तेलाचा वास आठवायचा, पण चेहरा आठवायला गेलं की जावेच्या मुलाचा चेहरा मध्ये यायचा. त्याचा एक फोटो आमच्या घरी होता. पण मूल गेल्यावर आमच्याकडे त्याचं काही घरात ठेवत नाहीत. आईचा जीव त्यात अडकतो म्हणतात. सासूने त्याची कुंची, वाळे, पाळण्यावरची चिमणी आणि तो फोटो, सगळं एका फडक्यात बांधून नदीत सोडलं. तिने ते माझ्या भल्यासाठी केलं. मला तिचा रागही धड करता आला नाही.

तो फोटो काढला गेला, त्याचीही गोष्ट साधीच आहे. म्हसा गावच्या जत्रेत रंगीत पडदा लावून फोटो काढणारा कल्याणचा एक फोटोवाला जत्रा उरकून शहापूरकडे निघाला होता. आमच्या गावाशी त्याच्या बैलगाडीचा आख मोडला. सुतार भेटेपर्यंत तो आमच्या ओटीवर राहिला. ज्याची गाडी आपल्या दाराशी मोडते तो आपला पाहुणा, हे आमच्याकडे कुणी कुणाला शिकवत नाही. तो आमच्यात जेवला, माझ्या मुलाला खेळवलं, आणि निघायच्या सकाळी म्हणाला, ऊन फार सुंदर पडलंय, बाळाला घेऊन ओटीवर बसा. मी बसले. त्याने काळ्या फडक्यात डोकं घातलं आणि मला बजावलं की हलायचं नाही, पेटीकडे बघायचं. नंतर सासऱ्यांनी त्याच्या उपरण्यात नवे तांदूळ बांधून दिले. पुढे बाजाराला आलेल्या कुणाच्या तरी हाती त्याने फोटो पाठवला. त्यानंतर तो आमच्याकडे आला नाही, आणि मूल गेल्याचं त्याला कळायचं काही कारणच नव्हतं.

बाळगुटीचं ते चित्र बघता बघता सगळीकडे झालं. बाटलीवर तेच, दुकानांच्या दारांवर तेच. सापगावच्या माझ्या मावशीकडे बाटली आली, तिने ती पदराखाली लपवली आणि मला दिसलीच. गावातल्या बायकांना कसं वागावं कळेना. काहींनी माझ्याशी बोलणंच टाकलं, आपलं मूल विकलंन म्हणून. शेणवे गावची एक बाई तर मुद्दाम चालत आली. तिचं मूल अंग धरत नव्हतं. तिने मला विचारलं की तुम्ही गुटीचे किती थेंब घालत होतात. मी म्हटलं, मी घातलीच नाही, आणि माझं मूल राहिलं नाही.  मग ती म्हणाली, चित्रात तर चांगलं आहे. 

पुढच्या पौषात मी सासऱ्यांबरोबर जत्रेला गेले आणि फोटोवाल्याला गाठलं. मला बघून तो खूश झाला आणि बाळ आता पळत असेल, म्हणाला. सासऱ्यांनी त्याला काय ते सांगितलं. तो मटकन खाली बसला. तो लबाड असता तर बरं झालं असतं. निदान कुणावर ओरडायचं ते कळलं असतं. त्याने सांगितलं त्यातलं मला एवढं समजलं, की फोटो आधी काचेवर उमटतो आणि त्या काचेवरून कागद कितीही निघतात. आम्हाला मिळाला तो कागद. काच त्याच्याकडे राहिली होती. जर्मनीशी लढाई सुरू झाल्यावर विलायतेची चित्रं येईनाशी झाली, तेव्हा मुंबईचा एक छापखाना असल्या काचा गोळा करायला लागला, बैलांच्या, तळ्यांच्या, बायकामुलांच्या. ह्याने पेटीभर काचा देऊन टाकल्या, त्यांत आमची गेली.

म्हणजे काच अजून आहे, एवढंच मी त्यातलं ऐकलं. चेहरा कुठेतरी शाबूत होता. मला दुसरं काही नको होतं. बाटलीवरून चित्र काढा असंही मी म्हणणार नव्हते. त्या काचेवरून निघालेला एक कागद मला हवा होता.

सासऱ्यांनी शहापुरात वकील गाठला. माझा नवरा मुंबईला पाणी नेणाऱ्या तानशाच्या नळावर कामाला होता, त्याला रजा मिळेना, म्हणून मीच बरोबर गेले. वकिलाने नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, तुमच्या बांधावर दुसऱ्याने आंब्याचं झाड लावलं तर आंबे कुणाचे? सासरे म्हणाले, ते कुणी लावायला सांगितलं त्यावर आहे. वकील म्हणाला, तेच इथे आहे. तुम्ही मोबदला देऊन फोटो काढून घेतला असेल तर त्याचा हक्क पहिल्यापासून तुमचा, फोटोवाल्याला काच विकायचा अधिकारच नव्हता. त्याने हौसेने काढला असेल तर हक्क त्याचा. मोबदला पैशातच लागतो असं नाही. तांदूळ दिलेत ना? मग तेच सांगा.

मला एवढा आनंद झाला की मी वकिलाच्या पाया पडले.  मुंबईला जायच्या दिवसापर्यंत मी सासऱ्यांना रोज आठवण करून देत राहिले, की तांदूळ फोटोचे होते म्हणायचं. ते हूं म्हणायचे. हूं म्हणजे हो, असं मी धरून चालले.

छापखान्याचा मालक सभ्य माणूस होता. त्याने आम्हाला खुर्च्या दिल्या. सासरे तरी खालीच बसले, म्हणून मीही खाली बसले आणि मग मालकाला कुठे बसावं ते कळेना. फोटोवाला आमच्यासाठी कल्याणहून आला होता, तो दाराशी उभा राहिला. मालकाच्या मागे भिंतभर कपाट होतं, त्याला छोटे छोटे खण, आणि खणांवर चिठ्ठ्या. बैल. देवळे. धबधबा. आई-मूल. ज्याला जाहिरातीसाठी जे चित्र लागेल ते त्या खणातून काढून द्यायचं, असा तो धंदा होता. आई-मूल लिहिलेल्या खणावर माझी नजर गेली ती तिथेच राहिली. दहा पावलांवर माझं मूल होतं आणि ते मागायला मला वकील लागत होता.

मालकाने समजावून सांगितलं, आणि मला जितकं समजत गेलं तितका गोंधळ वाढत गेला. काच त्याच्या मालकीची, पण चित्र वापरायचा हक्क त्याने बाळगुटीवाल्यांना दिलेला. करार असा, की त्यांची बाटली बाजारात आहे तोवर ह्या काचेवरून दुसऱ्या कुणालाही एक कागद द्यायचा नाही. मी विचारलं, मुलाच्या आईलाही नाही? तो म्हणाला की करारात तसं कुणाला वगळलेलं नाही. फोटोवाल्याने काच दिली होती, मालकाने चित्र दिलं होतं, बाळगुटीवाल्यांनी ते गावोगाव दिलं होतं. सगळ्यांनी सगळ्यांना दिलं, आणि मला द्यायचा अधिकार मात्र कुणालाच नव्हता. बरं, त्यातला एकही माणूस वाईट बोलत नव्हता. रडू येण्याआधी मला हसूच आलं.

मग मालक स्वतःच म्हणाला की फोटो जर मुळात तुमचाच असेल तर गोष्ट वेगळी. तसं असेल तर माझा करारच कच्चा, काच तुम्ही घेऊन जा. त्याने सासऱ्यांना सरळ विचारलं, तुम्ही ह्यांना फोटोबद्दल तांदूळ दिलेत का?

फोटोवाल्याने दारातून मान हलवली, हो म्हणा, अशी. मी पदराखाली हात जोडले होते. सासऱ्यांनी मुंडासं काढून गुडघ्यावर ठेवलं.

"पाव्हन्याला दिलेलं आमी मोजीत नाय," ते म्हणाले. "त्याची गाडी मोडली, तो आमच्यात जेवला. जाताना रिकाम्या हातानं वाटेला कसा लावायचा? फोटू काढला नसता तरी तांदूळ दिलं असतं. ते फोटूचं नाय."

असं बोलून ते उठले आणि जिन्यात जाऊन उभे राहिले.

मला त्यांचा इतका राग आला की कानशिलं तापली. खरं बोलले म्हणून आला, हे आणखी वाईट. कारण ते खरंच होतं. त्यांनी तांदूळ दिलेच असते. पण दिले ते फोटो काढल्यावर दिले, हेही खरं होतं. मग त्यातलं कुठलं खरं सांगायचं, हे त्यांच्या हातात होतं की नव्हतं? पाहुण्याला वाढलेल्या ताटाची किंमत लावणं त्यांना जमणारं नव्हतं. ज्या घरात मी सून म्हणून आले त्या घराची अब्रू तीच होती, आणि मी तिच्याच जिवावर गावात मान वर करून फिरत होते. हे सगळं मला कळत होतं, आणि तरी मला त्यांना जिन्यावरून ढकलावंसं वाटत होतं.

मालक उगाच दौत इकडची तिकडे करत बसला. मग म्हणाला, कागद मी देऊ शकत नाही, पण काच बघायची नाही असं करारात लिहिलेलं नाही. त्याने खण उघडला, कागदात गुंडाळलेली काच काढली आणि खिडकीच्या उजेडात माझ्यासमोर धरली.

मला काहीच ओळखू आलं नाही. सगळं उलटं होतं. माझे केस पांढरे, तोंड काळं, आणि मांडीवर काजळीचा एक गोळा. एवढ्यासाठी मी घरून निघाले होते का? मी मान फिरवली. तेवढ्यात फोटोवाला पुढे आला. त्याने अंगातला काळा कोट काढला, काचेच्या मागे धरला आणि मालकाच्या हातातली काच हळूहळू तिरकी करत गेला. एका जागी आल्यावर तो म्हणाला, आता बघा ताई.

आणि तो आला. अगदी फिका, पण तोच. बारकासा, कान बाहेर आलेले, एका डोळ्यातलं काजळ गालावर फराटलेलं. मी पेटीकडे बघत होते, सांगितलं तशी, ताठ बसून. आणि तो पेटीकडे बघतच नव्हता. मान मागे टाकून, तोंड उघडं ठेवून तो माझ्याकडे बघत होता. चित्रकाराने त्याचे डोळे फिरवून गिऱ्हाइकाकडे लावले होते. मुळात ते माझ्याकडे होते, आणि त्या सकाळी मी खाली बघितलं नव्हतं.

किती वेळ बघत होते कोण जाणे. हात अवघडले म्हणून फोटोवाल्याने कोट जरा हलवला तसा तो पुन्हा काळा झाला. मी म्हटलं, पुरे. मालकाने काच गुंडाळून खणात ठेवली आणि तो स्वतः आम्हाला खालपर्यंत सोडायला आला.

सासरे रस्त्यात उभे होते. तुम्ही वर का नाही थांबलात, मी विचारलं. आपलं नाय असं सांगितल्यावर बघायला कुठल्या तोंडानं थांबू, असं ते म्हणाले आणि चालू लागले. स्टेशन येईपर्यंत आम्ही तसेच चालत राहिलो. ते पुढे, मी मागे. मग ते एकदम थांबले. मागे वळले नाहीत.

"कुणावर गेलता गो?" त्यांनी विचारलं.

मूल गेल्यापासून त्यांनी त्याचं नावसुद्धा काढलं नव्हतं. मला वाटायचं की बापईमाणूस, शेतीच्या रगाड्यात विसरून गेले. विसरले होते खरेच. माझ्यासारखाच त्यांनाही त्याचा चेहरा आठवत नव्हता, आणि हे माहीत असून ते वर जे बोलायचं ते बोलले होते.

"तुमच्यावर," मी म्हणाले.

ते खरं होतं की नाही, ते मला त्या वेळीही सांगता आलं नसतं. काचेत जे दिसलं ते इतकं फिकं होतं की कान कुणाचे आणि कपाळ कुणाचं, काही कळलं नव्हतं. त्यांनी मुंडाशाच्या शेवाने तोंड पुसलं. "माज्यावर," ते स्वतःशीच म्हणाले, आणि मग गाडी येईपर्यंत फलाटावर ते माझ्या शेजारी येऊन उभे राहिले.