म्हातारीला धुण्याचे तास

डल्सी स्नूक दगडाच्या काळजाची बाई आहे, असं आमच्या गावात म्हणतात. म्हणणाऱ्यांची नावं मला पाठ आहेत, कारण त्यातले निम्मे माझेच नातेवाईक. रविवारी चर्चमध्ये ती तोंडं समोर नकोत, म्हणून हल्ली मी दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसते.

डल्सी माझी शेजारीण. खेकड्याच्या कारखान्यात आम्ही दोघी वर्षानुवर्षं सोलायच्या एकाच पट्ट्याशी, खांद्याला खांदा लावून उभ्या राहिलो. तिचा नवरा लिअँडर आजारी पडला तेव्हा ती दोन हंगाम घरी राहिली. त्याचं सगळं तिनंच केलं, शेवटी त्याला पुरलं आणि परत कामावर आली. कारखान्यात जुन्या माणसांना आधी बोलावतात आणि नव्यांना शेवटी. दोन वर्षं गेली म्हणून डल्सीला नव्यांच्या खाली टाकलं. कालची पोरं तिच्या आधी आत जायची आणि ही फाटकाशी डबा घेऊन उभी.

मुलगी रोक्सॅन देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, अल्बर्टात असते. तिच्या घराला तळघर आहे. "आई, ते घर विक आणि इथं ये, खाली तुझी खोली करते," असं ती दर फोनवर म्हणते. "जमिनीखाली जायला मला अजून अवकाश आहे," डल्सी म्हणते. लिअँडरनं स्वतःच्या हातानं बांधलेलं घर ते. न्यूफाउंडलंडच्या वाऱ्याला छाती देऊन उभं आहे, आणि त्यात राहून मरायचं एवढंच डल्सीला हवं होतं. त्याहून जास्त तिनं काही मागितल्याचं मी ऐकलेलं नाही.

आता घर राखायचं म्हणजे हिवाळा काढायचा. खेकडा वसंतात येतो आणि भर उन्हाळ्यात संपतो. मग पुढच्या वसंतापर्यंत हाताला काम नाही. सिरिलच्या दुकानात सिरिल आणि त्याची बायको आहेत, आणि ती दोघंच एकमेकांना पुरून उरतात. म्हणून हिवाळा सगळं गाव बेकारभत्त्यावर काढतं. भत्ता मिळायला कामाचे चारशेवीस तास भरावे लागतात. आकडा सरकारनंच ठरवलाय, मी नाही. दहा तास कमी पडले तर दहा तासांचे पैसे कापतात असं नाही, सगळंच जातं.

त्या वर्षी खेकड्याच्या भावावरून बोटवाले आणि कारखानेवाले भांडत बसले आणि बोटी धक्क्याला बांधलेल्या राहिल्या. हंगाम उशिरा सुरू झाला, लवकर आटोपला. माझे तास कसेबसे भरले. डल्सीचे भरले नाहीत.

अशा वेळी आमच्याकडे तास विकत घेतात. लाजायचं कारण नाही, सगळे घेतात. बोटवाला तुमचं नाव कामगार म्हणून कागदावर चढवतो, तुमच्या नावानं पगार काढतो, तुम्ही तो गुपचूप त्याला परत करता. वर कापलेला करही तुमच्याच खिशातून भरता. काम करायचं नसतंच. चर्चमध्ये उभं राहून बायबल वाचणाऱ्यानं घेतलेत, माझ्या सख्ख्या दिरानं घेतलेत. डल्सीनं कधी घेतले नव्हते. पण त्या ऑगस्टमध्ये अ‍ॅम्ब्रोज कीपिंग तिच्या स्वयंपाकघरात येऊन बसला. मीही तिथंच चहा पीत होते.

अ‍ॅम्ब्रोज म्हणजे गावातली सगळ्यात मोठी बोट, सगळ्यात नवी गाडी आणि सगळ्यात मोठा आवाज. त्याच्या आईचं, ट्रायफी मावशीचं, नुकतंच खुब्याचं हाड मोडलं होतं. ती अंथरुणाला खिळली होती, आणि घरात करणारी एकटी सून, शर्ली.

"डल्सी, तुझे किती कमी पडतायत गं?"

"तुला काय करायचंय?"

"अगं, बोलायचं कसं माणसानं तुझ्याशी! मी तुला बोटीच्या कागदावर घेतो. खेकड्यांचे जाळीचे सापळे दुरुस्त करणारी म्हणून. पगार तेवढा परत दे, सगळे देतात तसा. आणि..." त्यानं कपात बघितलं. "आईकडे जरा बघत जा. शर्लीचं पोट नाजूक आहे. तिला ते सगळं बघवत नाही."

"ते सगळं म्हणजे?" मी विचारलं.

"विनी, तुला मी विचारलं का?"

डल्सीनं किटली पुन्हा शेगडीवर ठेवली. मग म्हणाली, "रोज सकाळी येईन."

असा सौदा झाला. नीट बघा. बाकीच्यांना काम न करता तास मिळायचे. डल्सीनं काम केलं, तेही असं की दुसरं कोणी करेना. म्हातारीला कुशीवर वळवणं, धुणं, पुसणं, पाठीवरच्या जखमांना मलम, चादरी, पुन्हा चादरी. आणि त्या कामाचा पगार ती दर पंधरवड्याला पाकिटात घालून अ‍ॅम्ब्रोजला परत देऊन यायची. खरं काम फुकट आणि खोटं काम कागदावर. मला हे लिहितानाही किळस येते. ट्रायफी मावशीच्या चादरींची नाही, त्या पाकिटाची.

तास भरले, भत्ता सुरू झाला. भत्ता म्हणजे पगाराच्या निम्म्याहून थोडा जास्त. आणि ज्याचा पगारच अर्ध्या हंगामाचा, त्याचं निम्मं किती होणार? डल्सीनं वरचा मजला बंद केला, दाराच्या फटीत जुने स्वेटर कोंबले आणि स्वयंपाकघरातल्या बाकावर झोपायला लागली. घर तापवायच्या तेलाची गाडी ठरावीक मापापेक्षा कमी तेल देत नाही, आणि तेवढ्याचे पैसे एकदम तिच्याकडे कधी नसायचे. म्हणून ती रोक्सॅनच्या लहानपणीच्या घसरगाडीवर कॅन बांधून सिरिलच्या पंपावरून थोडं थोडं तेल ओढत आणायची. जेवायला पाव, बोलोना सॉसेजचा तुकडा आणि डब्यातल्या दुधाचा चहा. "मी बारीक झाले तर बरंच आहे," ती म्हणायची, "लिअँडर नेहमी म्हणायचा." लिअँडर असं कधीच म्हणाला नव्हता.

आणि भत्ता सुरू झाल्यावर म्हातारीचं काम संपलं का? छे! आता तर उपकार झाला होता. उपकाराला तारीख नसते. भर हिवाळ्यात डल्सी रोज सकाळी गार घरातून उठून अ‍ॅम्ब्रोजच्या घरी जायची, जिथं इतकी गरमी की शर्ली खिडकी उघडून बसायची. तेल जाळायचं आणि खिडकी उघडायची! ही शर्ली मला सिरिलच्या दुकानात, चार माणसांत म्हणाली, "आम्ही नसतो तर बिचाऱ्या डल्सीचं काय झालं असतं गं?"

"तुझी सासू कुजली असती," मी म्हणाले. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही, आणि त्यात माझं काही अडलेलं नाही.

फेब्रुवारीत मी डल्सीकडे बसले असताना दारावर कोणीतरी टकटक केलं. आमच्याकडे दारावर कोणी टकटक करत नाही, सरळ आत येतात. त्यामुळे दोघींना कळलं की सरकार आलं. भत्त्याच्या ऑफिसातली मुलगी होती, शहरातून, सेंट जॉन्सहून आलेली, बूट अजून कोरे. सप्टेंबरात अ‍ॅम्ब्रोजची बोट इंजिन काढून दुरुस्तीला वर ओढलेली होती हे कोणीतरी ऑफिसला कळवलं होतं. मग डल्सी कुठल्या बोटीचे सापळे शिवत होती?

अ‍ॅम्ब्रोजला ती आल्याची कुणकुण लागली असावी. पोरीनं कोट काढायच्या आत तो आत आला आणि न विचारता खुर्ची ओढून बसला. ऑफिसची माणसं चौकशीला फिरतायत असं ऐकून आधीच्या आठवड्यातच त्यानं डल्सीला पढवलं होतं, "शेडमध्ये बसून जुने सापळे शिवत होते, एवढंच म्हण." डल्सी तेच म्हणणार होती. मला माहीत आहे, कारण आदल्या दिवशी आम्ही दोघींनी ते घोकलं होतं.

"स्नूकबाई, तुम्ही त्या दिवसांत नेमकं काय काम केलंत?" मुलगी अदबीनं म्हणाली.

डल्सीनं तोंड उघडलं, पण त्याआधी अ‍ॅम्ब्रोज हसला. "बाईसाहेब, खरं सांगू? विधवा बाई. दया आली म्हणून ठेवली कामावर. शेडमध्ये शेगडीजवळ बसायची बिचारी. फार काही करायची नाही ती."

डल्सीनं त्याच्याकडे बघितलं. ज्या हातांनी तिनं सकाळी त्याच्या आईला धुतलं होतं ते हात टेबलावर होते, गरम पाणी आणि साबणानं चिरलेले.

"मी याच्या आईला धूत होते," ती म्हणाली. "रोज. रविवारीसुद्धा. सापळ्याला मी हात लावलेला नाही."

"डल्सी!"

"आणि पगार याला परत दिला. पाकिटात."

अ‍ॅम्ब्रोजचा चेहरा आधी लाल झाला, मग गोड झाला.  "अहो, ते प्रेमानं करते ती," तो म्हणाला. "आमच्या गावात असंच असतं. शेजारधर्म. पगार कसला आणि पाकीट कसलं!"

मुलीनं सगळं लिहून घेतलं. ती वाईट नव्हती. जाताना दारात म्हणाली, "नोकरी म्हणून नोंद असती तर म्हातारीला सांभाळण्याचे तासही धरले असते. शेजारधर्माचे तास धरता येत नाहीत. मला वाईट वाटतं." डल्सीनं तिला गुळाचा बन बांधून दिला. पुढच्या आठवड्यात भत्ता थांबला, आणि आधी दिलेलाही परत मागितला.

गाव कोणावर चिडलं? डल्सीवर! "आता ते सगळ्यांचे कागद उघडतील," माझा दीर म्हणाला. "एका बाईच्या तोंडाला कुलूप नाही म्हणून अख्खं गाव बुडणार." बायबल वाचणाऱ्यानं तिला पाहून रस्ता ओलांडला. सिरिलनं तिला उधारीवर तेल द्यायचं बंद केलं. रोक्सॅननं विमानाच्या तिकिटाचे पैसे पाठवते म्हणून सांगितलं, आणि या वेळी डल्सी तळघराची थट्टा करू शकली नाही. मी माझ्या टाकीतून कॅन भरून दिला. तोही किती दिवस पुरणार?

भत्ता थांबला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून ती म्हातारीकडे गेली नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी अ‍ॅम्ब्रोज आला. टोपी हातात. अंगाला वास येत होता आणि त्याला तो माहीत होता, म्हणून शेगडीपासून लांब उभा राहिला. हा माणूस आयुष्यभर मासळीच्या आतड्यांत कोपरापर्यंत हात घालून उभा राहिलेला.

"डल्सी, चल ना. आईनं... रात्रीपासून तशीच आहे. शर्लीला उलट्या झाल्या. नर्स सोमवारशिवाय येत नाही म्हणते."

"तू कर."

"मला नाही जमत गं. माझी आई आहे ती."

"म्हणूनच तर."

"पैसे देतो. आत्ता, रोख." त्यानं नोटा काढल्या. टेबलावर ठेवल्या. डल्सीला त्या दिवशी त्या नोटांची किती गरज होती ते मला विचारा, तिच्या बरणीत चहापूड उरली नव्हती.

"रोख नको," ती म्हणाली. "ऑफिसला लिहून दे. ऑगस्टपासून मी तुझ्या आईला सांभाळायला नोकरीवर होते, कागदावरचे तास त्याच कामाचे. माझा पगार तू परत घेतलास, आणि तो तू मला देणार. सही कर. विनी साक्षीला सही करेल."

"दंड बसेल मला! खोटा कागद केला म्हणून!"

"बसेल."

"आणि तोवर म्हातारीनं त्या घाणीत पडून राहायचं? एका कागदासाठी? तुला माणुसकी आहे का गं?"

डल्सी उठली नाही. "तुझं घर चार पावलांवर आहे, अ‍ॅम्ब्रोज. पाणी गरम आहे. साबण खिडकीत आहे. मऊ फडकं डावीकडच्या खणात आहे, खरखरीत वापरू नकोस, जखम उघडेल."

तो दार आपटून गेला. आम्ही दोघी बसून राहिलो. मी एकदा म्हणाले, "डल्सी, मी जाऊन येते हवं तर." "तू गेलीस तर मी तुझ्याशी जन्मात बोलणार नाही," ती म्हणाली.  तिच्या खिडकीतून अ‍ॅम्ब्रोजचं घर दिसतं. ती तिकडे पाठ करून बसली.

मला वाटलं होतं तो करेल. शेवटी आई आहे, माणूस आहे, नाक दाबून करेल. पण तासाभरानं तो परत आला तेव्हा त्याचे हात कोरडे होते आणि हातात कागद होता. आईला हात लावण्यापेक्षा त्याला दंड सोपा वाटला. मी साक्षीची सही केली. कागद मी स्वतः पोस्टात टाकला. डल्सी तोवर कोट घालून धावत त्याच्या घरी पोचली होती.

ट्रायफी मावशीला तिनं धुतलं, कोरडं केलं, केस विंचरले. आता ती तिथं पगारावर जाते. तिचे तास धरले गेले आणि भत्त्याचं प्रकरण वसंतात तिच्या बाजूनं मिटलं, दंड अ‍ॅम्ब्रोजनं भरला आणि पुढच्या महिन्यात बर्फावर पळवायला नवी स्नोमोबाइल घेतली. डल्सी अजून लिअँडरच्या घरात आहे.

पण सिरिलच्या दुकानात कोणालाही विचारा. डल्सी स्नूकनं कागदाच्या एका चिटोऱ्यासाठी आजारी म्हातारीला तासभर घाणीत ठेवलं, हे ते सांगतील, अगदी मान हलवत सांगतील. त्या एका तासाबद्दल गाव तिला अजून नावं ठेवतं. ऑगस्टपासूनच्या बाकीच्या तासांबद्दल कोणी बोलत नाही.