तर्री वेगळ्या वाटीत

वाडीला, अमरावती रोडच्या आतल्या गल्लीत, माझ्या आईची खानावळ आहे. दोन खोल्या, समोर पत्र्याची शेड, शेडमध्ये बाकं. ट्रकचे ड्रायव्हर, गोदामातले हमाल आणि आजूबाजूला खोली घेऊन राहणारी माणसं तिथे जेवतात. वडील गेल्यावर आईने ती सुरू केली. तिच्या जोरावर मी शिकले, शहरात सदर भागातल्या ऑफिसात लागले, लग्न होऊन प्रताप नगरला आले. आईला कितीदा म्हटलं, आता बंद कर. ती म्हणायची, "हात चालून राहिले तोवर चालू दे."

तिचं नाव होतं ते तर्रीमुळे. मटणाचा असो की पाटवडीचा, तिच्या रश्श्यावर लाल तेलाचा असा थर यायचा की खालचा रस्सा दिसायचा नाही. ड्रायव्हर लोक भाकरी त्यात बुडवून खायचे आणि कपाळावरचा घाम गमछ्याने पुसायचे. त्यांच्याकडे बघताना आई कंबरेवर हात ठेवून उभी राहायची.

तिला साखरेचा आजार निघाला तेव्हा तिने गोड एका झटक्यात सोडलं. चहा बिनसाखरेचा. लग्नाकार्यात जिलेबी समोर आली तर ताट हाताने झाकायची. गोळ्या वेळेवर. मला वाटलं, जिंकलं. पुढच्या तपासणीत मात्र रक्तातली चरबी फार वाढलेली निघाली, लिव्हरवरही चरबी साचलेली. डॉक्टरांनी आम्हाला दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ बाईंकडे पाठवलं. माझ्याहून लहानच होत्या त्या. आईला राग आलेला दिसत होता.

"मी साखर सोडली ना? आता तेलानं काय घोडं मारलं?"

त्या बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "काकू, साखर सोडली ते फार चांगलं केलं. पण हा आजार नुसता साखरेचा नसतो. तो हृदयाच्या नळ्यांवरही डोळा ठेवून असतो. रक्तात चरबी वाढली की त्याचं काम सोपं होते. त्यात तेलकट जेवण पोटात रेंगाळते, मग साखर बराच वेळ चढलेली राहते."

"पण मी डालडा वापरतच नाही. फल्लीचं तेल आहे माझं, चांगलं."

"शेंगदाण्याचं तेल डालड्यापेक्षा चांगलंच. पण चांगलं तेलही जास्त झालं की जास्तच. तेल बंद नका करू, कमी करा. आणि तेल कमी केलं म्हणून भात वाढवू नका."



मग मी रोज सकाळी तिच्यासाठी कमी तेलाची भाजी डब्यात घालून ऑफिसच्या आधी वाडीला पोचवू लागले. तिने ती खाल्ली, पण औषध घ्यावं तशी. एका सकाळी मी डबा ठेवला तेव्हा ती रश्श्याचं गंज, म्हणजे मोठं पातेलं, ढवळत होती. पळीतून थोडा रस्सा तळहातावर घेतला, चाखला, मीठ टाकलं, पुन्हा चाखला. मग दुसरं गंज. मग डाळ. मी बघतच राहिले. तिनेही माझ्याकडे पाहिलं.

"पाहिलं ना? तुझा डबा एकीकडे, अन् हे दिवसभर एकीकडे. चाखल्याबिगर मले रांधता येत नाही."

"मग कसं करायचं?"

"डबा आणू नको आता. गंजातलंच बदलावं लागते."

मला ते पटलं आणि भीतीही वाटली. गंजातलं बदलणं म्हणजे गिऱ्हाईक जाणं.

रविवारी दुपारी खानावळ बंद असते. त्या रविवारी तिने पहिल्यांदा करून पाहिलं. तेल नेहमीपेक्षा अगदी थोडं घेतलं आणि मसाला टाकला. तो बुडाला लागला, करपला. रस्सा कडू झाला. तिने त्याचा एक घास खाल्ला, मलाही खायला लावला, आणि आम्ही दोघी मिळून तो टाकून दिला.

पुढच्या रविवारी तिने कांदे गॅसच्या जाळावर अख्खेच भाजले, वरून काळे आणि आतून मऊ होईपर्यंत. सुकं खोबरं जेमतेम घेतलं, त्याच्या जागी भाजलेल्या ज्वारीचं पीठ आणि चिमूटभर भाजलेला जवस. मसाला परतताना कोरडा पडून चिकटू लागला की पाण्याचा हबका मारायचा, पुन्हा परतायचं. तासभर ती गंजापुढून हलली नाही. मटणाची चरबी आधीच काढून टाकली होती. तरीही शिजल्यावर जे तेल वर आलं ते तिने पळीने हळूहळू काढलं आणि एका वाटीत ठेवलं.

मी भाकरी मोडून खाल्ली. जीभ पोळली, नाकातून पाणी आलं. तिखट, खमंग, आईचाच रस्सा होता तो.

"कसा आहे?"

"आहे तसाच आहे."

"तसाच नाही आहे," ती म्हणाली. "पण आहे."

सोमवारी तिने तोच वाढला. मी ऑफिसात रजा टाकून थांबले होते. एक ड्रायव्हर होता, पांढऱ्या मिशांचा, कित्येक वर्षांपासून येणारा. बसता बसता मला "जयभीम पोरी" म्हणायचा. त्याने ताटाकडे पाहिलं आणि मोठ्याने म्हणाला, "काहून वं मावशी, तेलाचा डबा सांडला का आज? पाणी पाजून राहिली आमाले?"

बाकावरचे सगळे हसले. मी आत होते, मला धरणी दुभंगावी असं झालं. आई बाहेर गेली, वरून काढलेल्या तर्रीची वाटी त्याच्यासमोर ठेवली.

"तर्री हे घे. पाहिजे तितकी टाक गा, मी हात धरत नाही. पण गंजात आता एवढंच तेल राहील. जे मले चालत नाही ते मी गंजात टाकणार नाही."

त्याने अर्धी वाटी ओतून घेतली. दुसऱ्या दिवशी आला नाही. त्याच्याबरोबरचेही पुढच्या चौकातल्या दुसऱ्या खानावळीत जाऊ लागले. बाकं रिकामी दिसायची. एका सुट्टीच्या दुपारी मी म्हटलं, "त्यांच्यापुरतं वेगळं गंज करू का?" आईने भाकरी थापता थापता नाही म्हणून मान हलवली. ती भाकरी तिने नेहमीपेक्षा जरा जोरात थापली.

काही लोक मात्र टिकले. गोदामातल्या हमालांना रस्सा आवडला. जेवून उठल्यावर जड वाटत नाही, दुपारी पोती उचलता येतात, असं ते म्हणू लागले. हळूहळू बाकं भरली. तर्रीची वाटी फिरायची, पण बहुतेकदा चमचाभरच कमी व्हायची.

उन्हाळा उतरताना, एका सुट्टीच्या दिवशी, तो मिशीवाला ड्रायव्हर परत आला. वाळला होता. बरोबर त्याची बायको होती. बाकावर न बसता दोघं दारात उभे राहिले.

"मावशी," तो म्हणाला, "मलेही शुगर निघाली. चरबीपण वाढली म्हणते डॉक्टर. हिले सांग ना, तू कशी करते ते."

मला वाटलं, आई आता त्याला जुनं काही तरी ऐकवेल. तिने त्याच्या बायकोला आत बोलावलं, हातात कांदा दिला. "आधी हे भाज. घाई करू नको. तेल कमी म्हणजे मेहनत जास्त, बाकी काही नाही. अन् कोंबडी आणली तर चामडी काढून टाक, तो कितीही ओरडला तरी."

बाई हसली. दोघी दुपारभर गॅसपुढे होत्या. मी भांडी घासली आणि ऐकत राहिले. माझी आई कुणाला तरी शिकवत होती आणि मला ऑफिसातल्या प्रत्येक माणसाला तिथे आणून बसवावंसं वाटत होतं.

त्यानंतरच्या तपासणीत चरबी बरीच उतरली होती, साखरही आटोक्यात. गोळ्या सुटल्या नाहीत, सुटणारही नाहीत. डॉक्टरांनी तसं स्पष्टच सांगितलं. आहारतज्ज्ञ बाईंनी विचारलं, "काकू, कसं जमवलं?" आई म्हणाली, "तुम्ही सांगितलं ते ऐकलं, अन् मग आपलं डोकं लावलं."

सणाला गोळाभात, म्हणजे डाळीच्या पिठाचे गोळे घातलेला भात, करते तेव्हा ती स्वतःच्या ताटात हिंगाच्या फोडणीचं तेल अजूनही घेते. एक छोटा चमचा. भातावर पसरून, हळूहळू खाते.

खानावळीत आता नवे ड्रायव्हर येतात. त्यांना वाटतं, मावशीच्या इथे तर्री पहिल्यापासून वेगळ्या वाटीतच मिळते. आई काही सांगत बसत नाही. मी गेले की मी सांगते, सगळं, कडू झालेल्या पहिल्या रश्श्यापासून. ती आतून ओरडते, "जेवू दे वं त्याहिले." मी थांबत नाही.