अंगणात ओतलेलं पाणी

१४ मे. टँकर आला नव्हता, म्हणून उरलेल्या अर्ध्या बादलीत भांडी विसळत होते. तळमजल्यावरच्या मामींनी पाइप लावून सगळ्यांच्या टाकीतल्या पाण्याने दार धुतलं आणि तापल्या दगडाचा ओला वास वर आला.

ग्रीसच्या बेटावरचं ते अंगण आठवलं. धाकटी बहीण सुमा तिथल्या एका गावात दिलेली. उतारावर दगडी बांध, बांधांवर ऑलिव्ह, पण नदी नाही की विहीर नाही. हिवाळ्यातला पाऊस अंगणाखालच्या हौदात साठवून उन्हाळाभर शेळ्या जगवायच्या. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. पाहुणी म्हणून गेलेली मी पहाटे हौद उपसून इथे चेन्नईत धुतो तसं अंगण धुतलं, वर तांदळाच्या पिठाचा कोलमही रेखला.

सुमाची सासू काठी आपटत आली.

"काय म्हणतात गं?" मी सुमाला विचारलं.

"तुमच्याकडे नद्या आहेत ना, तिकडेच जा, म्हणतात."

"आणि तू?"

"मीही तेच म्हणते, अक्का."

दुपारच्या बोटीने मी निघाले. म्हातारीचा संताप आता पटतो. सुमाचं बोलणं मात्र अजून पचलेलं नाही.

१५ मे. सकाळी तळमजल्यावरच्या मामींनी पुन्हा पाइप उचलला. मी खाली जाऊन नळ बंद केला आणि म्हणाले, "तुमच्या गावी नदी असेल, तर तिकडे जा."