कॉन्फिगरेशन फाईलला डॉक्युमेंट नंबर

“कारणाच्या रकान्यात ‘ऑपरेटरची चूक’ एवढंच लिहा आणि सही करा,” वर्क्स मॅनेजर नेने साहेब म्हणाले. मी अजून कीबोर्डला हातही लावला नव्हता.

अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतला तो रंग-रसायनांचा कारखाना. सोमवारची सकाळ. लॅबचा कॉम्प्युटर सुरू होत नव्हता आणि उल्हासनगर कॅम्प पाचमधून मला बोलावले होते, ते दुरुस्तीसाठी, असा माझा समज होता. साहेबांच्या टेबलावर मात्र लॅब केमिस्ट गायकवाड मॅडमच्या नावाचा मेमो टाईप होऊन पडला होता. त्याला माझा रिपोर्ट जोडायचा होता. मॅडम प्रोबेशनवर होत्या. त्यांना कायम करायचे की नाही, हे त्याच आठवड्यात ठरणार होते. मेमो निघाला की तो प्रश्नच उरणार नव्हता.

“शनिवारी मशीन बंद कोणी केलं? यांनी. मग बिघडवलं कोणी?” साहेबांनी सिद्धता मांडली. या व्यवसायात येण्यापूर्वी मी कुळगावला शाळेत भूमिती शिकवत असे. अशा सिद्धतेला मी शून्य गुण दिले असते.

“सर, तुम्ही दाखवलंत तसंच शटडाउन केलं,” बाजूला उभ्या असलेल्या मॅडम मला म्हणाल्या. “वहीत टाईमपण लिहिलाय.”

येथे थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. लॅबचे जुने सॉफ्टवेअर नव्या कॉम्प्युटरवर चालत नसे. म्हणून मी सर्व्हरवर एक ‘व्हर्च्युअल मशीन’ उभे केले होते. म्हणजे एका कॉम्प्युटरच्या पोटात चालणारा दुसरा कॉम्प्युटर, ज्याला स्वतःचा डबा नसतो. त्याची मेमरी किती, डिस्क कोठे, नेटवर्क कार्डाचा क्रमांक कोणता, हे साध्या मजकुराच्या एका फाईलमध्ये ओळीने लिहिलेले असते. ही कॉन्फिगरेशन फाईल. ती वाचता आली नाही, तर मशीन सुरू होत नाही. स्क्रीनवर तेच आले होते: फाईल करप्ट, ओळ पहिली.

“नवीन मशीन बनवून टाका ना. दहा मिनिटांचं काम.”

“नव्या मशीनला कार्डाचा नवा क्रमांक मिळेल, साहेब. सॉफ्टवेअरचं लायसन्स जुन्या क्रमांकाला बांधलेलं आहे. ते उघडणारच नाही.”

मी फाईल नोटपॅडमध्ये उघडली. पहिल्या ओळीत कारखान्याचे नाव होते. दुसरीत डॉक्युमेंट नंबर. तिसरीत ‘रिव्हिजन शून्य’. चौथीत ‘पान एकपैकी एक’. पाचवीत ‘तयार करणार’ आणि ‘मंजूर करणार’. दोन्हींपुढे आद्याक्षरे एकाच व्यक्तीची. खाली लांब ओळींचे दोन-दोन तुकडे झाले होते. डिस्कचा पत्ता मधोमध तुटला होता.

“साहेब, ही आद्याक्षरं कोणाची?”

साहेबांनी चष्मा लावून वाचले.

“बुधवारी क्वालिटीचं ऑडिट आहे. ऑडिटरला प्रत्येक डॉक्युमेंटवर हेडर लागतं. काल सुट्टी असून मी बसलो आणि सर्व्हरवरच्या जेवढ्या फायली उघडल्या, तेवढ्यांना वर्डमधून टाकलं. मला काय माहीत, ही डॉक्युमेंट नाही?”

“काल मी घरी होते, साहेब,” मॅडम हळूच म्हणाल्या.

असे मशीन दर वेळी सुरू होताना आपली सेटिंग्ज ‘लॉग’ नावाच्या नोंदीत उतरवून ठेवते. शनिवारचा लॉग शाबूत होता. मी हेडर काढले, तुटलेल्या ओळी जोडल्या आणि प्रत्येक ओळ लॉगशी ताडून पाहिली. मशीन सुरू झाले. लायसन्सनेही तक्रार केली नाही.

“आता ‘तांत्रिक बिघाड’ लिहा,” साहेब म्हणाले. आवाजात एकाएकी माणुसकी आली होती. “कशाला उगाच कोणाचं नाव घ्यायचं.”

“सकाळी नाव चालत होतं,” मी म्हणालो आणि लिहिले: ‘रविवारी फाईलमध्ये घातलेले पाच ओळींचे हेडर. मंजुरी: वर्क्स मॅनेजर.’

असा रिपोर्ट जोडून मेमो काढणे कठीण होते. तो निघाला नाही. शुक्रवारी मॅडम कायम झाल्या. बुधवारच्या ऑडिटमध्ये एकच त्रुटी निघाली: सर्व्हरवर हेडर नसलेली एक फाईल आढळली. पुढच्या वर्षी कारखान्याचे कॉम्प्युटर सांभाळण्याचे माझे वार्षिक कंत्राट संपले, ते कोणी वाढवले नाही.

बिघाड झाला की यंत्राला शेवटचा हात कोणी लावला, हे आपल्याकडे आधी विचारतात. फाईल उघडून वाचायला त्याहून कमी वेळ लागतो. फक्त, तिच्यात कोणाचे नाव निघेल याची हमी नसते.